सुगंधाबाईंच्या नावाची भाजी

सुमेधाचं पत्र जूनमध्ये आलं. दिवाळी तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तीन-चार वेळा कागद पुढे घेतला, ‘चि. सुमेधास अनेक आशीर्वाद’ एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

पत्र छोटंच होतं. ‘सर, तुम्हाला फोनवर बोलायला आवडत नाही म्हणून लिहिते आहे. मी शिकवते त्या शाळेतही आता आपल्या शाळेसारखं जेवणाचं ॲप आलं आहे. पालक आदल्या दिवशी ऑर्डर देतात, पैसे कार्डावर भरतात, आणि जेवण कसं होतं त्याला स्टार देतात. स्वयंपाकाला दोन मावशी आहेत. त्यातल्या एकीला सारखे कमी स्टार पडतात. काही शिक्षक म्हणतात की तिला काढू नये. मी भोजन समितीवर आहे आणि माझं मत मशीनच्या बाजूने आहे. मशीन कुणाचं तोंड बघून बोलत नाही. माझ्या आईच्या हाताची चव गेली तेव्हा तेही मशीननेच दाखवलं होतं. आम्हाला वाईट वाटलं, पण ते खरं होतं, आणि आईनेही ते मान्य केलं. मी समितीला आईचंच उदाहरण देणार आहे. तुम्ही तेव्हा सगळं जवळून पाहिलं होतं, सर. मी बरोबर आहे ना? दिवाळीच्या सुट्टीनंतर निर्णय होईल.’

उत्तराला एक ओळ पुरली असती. ती ओळ मला माहीत होती. पण ती लिहायची मला मोकळीक नव्हती.

ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी आयुष्यभर पुस्तकं मांडली, पुसली, दिली, परत घेतली. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडचं पाणी पळतं. तरी सांगतो.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. शाळेत मधल्या सुट्टीचं जेवण मिळे. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघी बाया रांधायच्या, निकमबाई आणि कांबळेबाई. पण ही आडनावं फक्त पगारपत्रकावर. मुलांना एक मोठ्या मावशी आणि एक धाकट्या मावशी. धाकट्या म्हणजे सुगंधाबाई कांबळे. त्यांची मुलगी सुमेधा तेव्हा नववीत होती आणि माझ्या वाचनालयातलं निम्मं कपाट तिने वाचून संपवलं होतं.

जेवणाची कुपनं माझ्याकडे असत. रंगीत कागदाचे चिटोरे. मुलं ती हरवत, धुतलेल्या चड्डीच्या खिशातून लगदा करून आणत, आणि माझ्या टेबलाशी येऊन रडत. किती पानं होणार याचा मावशींना कधीच अंदाज येत नसे. एक दिवस भात उरे, एक दिवस शेवटची रांग नुसत्या आमटीवर उठे. म्हणून संस्थेचे सेक्रेटरी शेटे यांनी ॲप आणलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे शेटे गावभर म्हणत फिरले की बापटसरांना नवीन काही बघवतच नाही.

तसं नव्हतं. पालक रात्री नऊच्या आत फोनवरून सांगत, उद्या पान हवं की नको. सकाळी वाचनालयातला संगणक सुरू केला की आकडा समोर. मुलाने दाराशी कार्ड टेकवलं की यंत्र टुंग करी. अन्न वाया जायचं थांबलं. कुणी रडत आलं नाही. पहिला महिना मी त्या यंत्राच्या प्रेमातच होतो.

नावं भरायच्या दिवशी शेटे स्वतः शेडमध्ये आले होते. मीही संगणकाचं काम माझ्याकडे म्हणून बरोबर होतो.

“रोजच्या मेनूखाली स्वयंपाकप्रमुखाचं नाव लागतं,” शेटे म्हणाले. “पूर्ण नाव आणि फोटो. पालकांना कळायला हवं, आपलं मूल कुणाच्या हातचं खातंय.”

“दोघींची टाकू या,” मी म्हणालो.

“एकच बसतं, सर.”

निकमबाई हसल्या. “आमच्यात कोण परमुख न्हाई, साहेब. ही चिरती, मी फोडणी टाकते. मी मळते, ही लाटती. एका भांड्यात चार हात असत्यात.”

“ते मला कळतंय हो. कागदोपत्री फक्त. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुम्ही. मंगळवार, गुरुवार या.”

“मग हिला दोनच दिवस व्हय?” निकमबाईंनी सुगंधाबाईंना कोपराने ढोसलं. “वय कमी, म्हणून पगारबी कमी करा हिचा.”

“करा की. मग निम्म्या चपात्या मोठ्या मावशीनंच लाटायच्या,” सुगंधाबाई म्हणाल्या. शेट्यांनी फोन वर धरला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि मला हळूच विचारलं, “सर, माझं नाक लई मोठं येतंय का बघा.”

फोटो चांगला आला. खाली नाव आलं: सुगंधा बाळासाहेब कांबळे.

दुसऱ्या महिन्यापासून मंगळवारचा आकडा पडू लागला. मग गुरुवारचा. आधी मला वाटलं, मुलं आजारी असतील. मग वाटलं, मंगळवारी काहींचे उपास असतील. पण गुरुवारीही तेच. सोमवारी आणि बुधवारी शेड भरून जाई, आणि सुगंधाबाईंच्या नावाच्या दिवशी बरीच मुलं वर्गातच घरचा डबा उघडून बसत. स्टारही तसेच. निकमबाईंच्या दिवशी चार, पाच. सुगंधाबाईंच्या दिवशी एक, दोन. खाली पालकांची वाक्यं: ‘भाजी खारट.’ ‘चव नाही.’ ‘स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’

मी दुपारी तिथेच जेवत असे. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ तोडल्यापासून माझ्या जिभेला मिठाचा कण जास्त झाला तरी कळतो. भाजी खारट नव्हती. मंगळवारचीही नव्हती आणि सोमवारचीही नव्हती. ती एकच भाजी होती. आणि ऑर्डर तर आदल्या रात्रीच नाकारलेली असे. चुलीवर चढायच्या आत भाजी बिघडत होती.

मग माझ्या मनात आलं ते मी स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलं नाही. वाटलं, आपण पुस्तकं वाचून वाचून भलतं बघायला लागलो आहोत. ही सगळी शिकलेली माणसं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन वाचनालयात येतात. कुणी एक वावगा शब्द कधी बोललं नाही.

माघात सुगंधाबाईंची आई आजारी पडली. त्या आठवडाभर मिरजेला दवाखान्यात होत्या. ॲपमध्ये नावं महिनाभराची भरलेली असत. ती बदलायची कुणाला आठवण झाली नाही, मलाही नाही. मंगळवारचं जेवण निकमबाईंनी एकटीने केलं. मटकीची उसळ. घामाघूम झाल्या होत्या, शेवटी मी आणि शिपाई वाढायला उभे राहिलो. उसळ इतकी सुरेख झाली होती की मी दुसऱ्यांदा घेतली.

संध्याकाळी संगणकावर पाहिलं. एक स्टार. एक स्टार. एक स्टार. ‘पुन्हा तीच खारट चव.’ ‘या बाईंना कधी बदलणार?’ बुधवारी त्याच निकमबाईंनी, तशाच घामाघूम होऊन, घाईत आमटी केली. ती जराशी करपली होती. पाच स्टार. ‘आज घरच्यासारखं.’

त्या संध्याकाळी वाचनालयाचं दार मी आपटून लावलं. रागाने मी दार आपटतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

महिनाअखेरीला भोजन समितीची बैठक झाली. शेटे, मुख्याध्यापिका घोरपडेबाई, पालकांचे प्रतिनिधी म्हणून एक बँकेतले साहेब, आणि आकडे वाचून दाखवायला मी. मी वाचले. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

“स्पष्ट आहे,” शेटे म्हणाले. “कांबळेबाईंचा हात उतरलाय. आकडे खोटं बोलत नाहीत.”

“दोघी एकत्रच रांधतात,” मी म्हणालो.

“काय म्हणालात?”

“दोघी. एकत्र. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.”

“जबाबदारी मात्र एकीची असते ना?”

“त्या मंगळवारी बाई गावात नव्हत्या.” मी त्या दिवसाच्या आकड्यावर बोट ठेवलं. “मिरजेला होत्या. दवाखान्यात. उसळ निकमबाईंनी एकटीने केली. मी स्वतः वाढली. त्याच दिवशी सगळ्यांत कमी स्टार आहेत.”

घोरपडेबाई टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचू लागल्या.

बँकेतले साहेब पुढे झुकले. “म्हणजे तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय, सर?”

मला ते म्हणता आलं नाही. शब्द जिभेवर होता, पण निघेना.

“हे बघा, आम्ही जात वगैरे काही मानत नाही,” साहेब म्हणाले. “आमच्या घरी असलं काही नाही. माझे ऑफिसमधले कितीतरी मित्र तसले आहेत.”

मी जातीचं नाव काढलं नव्हतं. त्या खोलीत कुणीच काढलं नव्हतं. पहिल्यांदा काढलं ते त्यांनी.

“मी तसं बोललोच नाही,” मी म्हणालो.

“मग विषय संपला,” शेटे हसले. “सर, एक तरी तक्रार दाखवा ज्यात तसा शब्द आहे. एक! लोकांनी फक्त चव सांगितलीय. पैसे त्यांचे, मूल त्यांचं, आवड त्यांची. आणि मंगळवारचं म्हणाल, तर तांत्रिक चूक असेल.”

“तांत्रिक चूक असेल तर नावच काढून टाका ना ॲपमधून. नाव नसलं तर...”

“पारदर्शकता आहे ती, सर. जिल्ह्यात कौतुक झालंय आपलं.”

मी घोरपडेबाईंकडे पाहिलं. त्या रोज दुपारी माझ्या शेजारी बसून जेवत. त्यांनी वर पाहिलं नाही. “कांबळेबाईंना भांड्यांवर घेऊ या,” त्या वेळापत्रकाशीच बोलल्या. “पगार तोच ठेवू. म्हणजे अन्याय व्हायला नको.”

पगार तोच. म्हणजे ज्या हातांची भाजी नको, त्यांनी ताटं घासलेली चालतील. हे मी मोठ्याने म्हणालो का? नाही. उठलो, कागद गोळा केले, आणि चष्मा तिथेच विसरून बाहेर पडलो.

तडक शेडमध्ये गेलो. दोघी दुपारच्या चहाला बसल्या होत्या. माझा चेहरा पाहूनच सुगंधाबाईंनी कप खाली ठेवला.

“ठरलं?”

“भांड्यांवर,” मी म्हणालो. “पण बाई, तुमचा हात उतरलेला नाही. ते सगळं खोटं आहे. मी त्यांना मंगळवारचं सांगितलं. हे दुसरंच काहीतरी...”

“सर,” त्यांनी मला थांबवलं. “मला काय सांगता? पंगतीला बसल्यावर शेजारचा आडनाव इचारतो आणि पाणी प्यायचं निमित्त करून उठून जातो, हे बघतच मोठी झाले मी. फोटोखाली नाव आलं, त्याच दिवशी कळलं मला.”

“मग तेव्हाच बोलायचं!” निकमबाई ओरडल्या. “मीबी येत न्हाई उद्यापास्नं. रांधू दे त्या शेट्याला. बघू दे किती चांदण्या पडत्यात ते!”

“गप बस. घरात दोन नातवंडं हाईत तुझ्या. तुझ्या बसण्यानं काय हुणार? तिसरी आणतील.” सुगंधाबाईंनी त्यांचा हात दाबून धरला. मग माझ्याकडे वळल्या. “सर, एक करा. माझ्या पोरीला ह्यातलं काय सांगायचं न्हाई.”

“का?”

“ती त्याच पोरींच्यात बसती. त्यांच्या डब्यात हिचा हात, हिच्या वहीत त्यांचं डोकं. दहावी व्हायचीय अजून. उद्या ती बाकावर बसून काय करंल? हिच्या आईनं एक चांदणी दिली का, तिच्या आईनं दिली का, हेच बघत बसंल. मग पुस्तकात लक्ष कुठलं?” त्यांनी पदर खोचला. “मी तिला सांगणार हाय की हात गेला माझा. मीठ कळंना झालंय. तिनं तुमास्नी इचारलं तर तुमीबी तेच सांगायचं.”

“मला खोटं बोलता येत नाही, बाई.”

“मग काय बोलू नका. ते तर येतं न्हवं तुमाला?”

निकमबाई रडता रडता हसल्या. मला हसू आलं नाही. मी होकाराची मान हलवली.

सुगंधाबाई भांड्यांवर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शाळेतच आल्या नाहीत. निकमबाई वर्षभर राहिल्या आणि रोज रांधताना शिव्या घालत राहिल्या. सुमेधा दहावीत शाळेत दुसरी आली. बारावी झाली, डी.एड. झाली, तिकडे साताऱ्याकडे नोकरीला लागली. तिने मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं.

आणि मग जूनमध्ये तिचं ते पत्र.

पाच महिने मी ते पुस्तकात ठेवलं, काढलं, ठेवलं. दिलेला शब्द मोडायचा मला काय अधिकार? आणि न मोडावा, तर साताऱ्याकडच्या त्या कुणा मावशीचं काय? शेवटी वसुबारसेच्या दिवशी मी सुगंधाबाईंना शोधत गेलो. त्या एका मसाल्याच्या कांडपावर कामाला होत्या. आमच्या गावात कांदा-लसूण मसाला सगळीकडे तिथलाच जातो. शेट्यांच्या घरी जातो, बँकेतल्या साहेबांच्या घरी जातो. भाजणी, मिठाचं प्रमाण, सगळं सुगंधाबाई बघत. पुडीवर नाव मालकाचं.

दारातच मला शिंका आवरेनात. त्या नाकाला पदर लावून बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते.

“सर! वाळलात की. बसा, च्या सांगते.”

मी पत्र काढलं. त्या म्हणाल्या, “वाचा तुमीच. मिरचीचे हात हाईत माझे.”

मी वाचलं. पत्रात त्यांच्या हाताची चव गेल्याचं आलं तेव्हा त्या हसल्या. “पोरीला अजून खरंच वाटतंय की. सुट्टीला आली म्हंजे मी मीठ कमी घालते, सर. कधी जादा. ती काय बोलत न्हाई बिचारी. वरनं घेती.”

“अजून?”

“मग? एकदा सांगितलं ते सांभाळायला नको?”

“दर सुट्टीला?”

“दर सुट्टीला.” त्यांनी मान वळवली. “एक घास चांगला करून घालता येत न्हाई पोरीला. पर तिचं शिक्षण झालं न्हवं? मग झालं तर. पुढं वाचा.”

मी पुढचं वाचलं. समितीला आईचं उदाहरण देणार ते. वाचून होईपर्यंत त्यांचं हसू मावळलं होतं.

“म्हंजे माझी पोरगी,” त्या हळू म्हणाल्या, “माझं नाव सांगून दुसरीला चुलीवरनं उठवणार?”

“तिला माहीत नाही, बाई.”

“तिला म्हाईत न्हाई ते माझ्यामुळं!” कांडपाच्या आवाजातूनही तो शब्द आत गेला असावा. आतल्या बाया दाराशी आल्या. “मी खोटं बोलले ते माझ्या लेकरासाठी. कुणा दुसरीच्या ताटात माती कालवायला न्हाई! आणि ती मशीन कुणाचं तोंड बघत न्हाई म्हणती? मशीन कशाला बघंल? बघायला माणसं बसल्यात की घरोघरी, फोन घिऊन!” त्यांचा श्वास चढला होता. मी चहाचा पेला पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. “सर, ती दुसरी बाई कोण? आडनाव काय तिचं?”

“पत्रात नाही. नुसतं ‘एक मावशी’ लिहिलंय.”

“न्हाई ना? मग लिहा तिला. म्हणावं, बाई, चांदण्या मोजायच्या आधी त्या मावशीचं आडनाव बघ. आणि तुझ्या आईचा मंगळवार कसा झाला तेबी सगळं लिहा. मिरजेचं, उसळीचं, बैठकीत कोण काय म्हणालं ते. काय लपवू नका.”

“तिला वाईट वाटेल, बाई. तुमच्यावर चिडेल. इतकी वर्षं...”

“चिडू दे. पाडवा झाला की येणार हाय. चिडूनच येऊ दे. जेवायला घालते तिला, मीठ बरोब्बर घालून.” त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि हाताची मिरची डोळ्यांत गेल्यावर स्वतःलाच शिवी हासडली. “उठा आता. कधी लिवणार? आजच लिवा. तुमाला इचार करत बसायची लई सवय.”

मी घरी गेलो नाही. पोस्टातल्या बाकावर बसून, समोर बांधलेल्या पेनाने, दोन कागद भरून लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्या बैठकीत जो शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता, तो पहिल्याच ओळीत लिहिला. पुन्हा वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडून टाकलं असतं.

खिडकीतली मुलगी आवराआवर करत होती. “काका, साधं की स्पीड पोस्ट?”

“लवकर पोहोचेल ते.”

“सणाची गर्दी आहे. तरी दोन-तीन दिवसांत जाईल.”

तिने पाकीट तोललं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.